चौऱ्याऐंशी फुले आणि पन्नास ग्रॅम

आमच्या फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलेला आहे. डावीकडे तारखा, मधल्या रकान्यात १.४, १.९, २.३, २.६ असे आकडे आणि उजवीकडे माझ्या अक्षरात सोम., बुध., शनि. व त्यापुढे बरोबरच्या खुणा. येणारा-जाणारा विचारतो, "हे काय, दुधाचा हिशेब?" मी हो म्हणून मोकळी होते. हिशेब दुधाचा नाही, ब्रोकोलीचा आहे, हे सांगायला गेले की अर्धा तास मोडतो आणि समोरच्याचा चहा थंड होतो. आज रविवार आहे, तुमच्याही हातात चहा असेलच, तेव्हा सांगतेच.

हुडकेश्वरला आम्ही प्लॉट घेतला तो १९९६ साली. तेव्हा महालातले नातेवाईक विचारायचे, "तिकडे बस तरी जाते का?" म्हाळगी नगर चौक ओलांडला की पुढे नुसती वावरे. तूर, कापूस, मधूनच एखादा संत्र्याचा बगिचा. मग ले-आऊटमागून ले-आऊट पडले, गाव महापालिकेत गेले आणि आता संध्याकाळी हुडकेश्वर रोडवर स्कूटर काढायची म्हणजे परीक्षाच. पण जमीन ती जमीनच. सिमेंटच्या बाजूला कुठेही हातभर उकरा, खाली तीच काळी माती. उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसाळ्यात पायातली चप्पल ओढून घेणारी. आमच्या शेजारचा दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट तेव्हा मोकळाच होता. मालक मुंबईला. त्यांच्या परवानगीने ह्यांनी त्याला तारेचे कुंपण घातले आणि गेली काही वर्षे तिथे वांगी, टमाटर, सांबार, वालाच्या शेंगा असे हौसेने लावीत आले. अठ्ठावन्नाव्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, तेव्हापासून तर सकाळचा पेपरही तिथेच, विहिरीच्या पंपाजवळ उकिडवे बसून वाचायचे.

मागच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास लेकीचा बंगळूरहून फोन आला. "बाबा, ब्रोकोली लावा. हृदयाला फार चांगली असते." बाबांना एवढे पुरे होते. दुसऱ्याच दिवशी ते नर्सरीतून रोपांचा अख्खा ट्रे घेऊन आले. त्यात ९८ रोपे.

"अहो, एवढी कशाला?"

"अगं, निम्मी मरतील."

बाग करणाऱ्या माणसाचे हे वाक्य मी तीस वर्षे ऐकते आहे. निम्मी कधीच मरत नाहीत. डझनभरच आणली असती तर मात्र सगळी मेली असती. काळ्या मातीत पाणी साचते म्हणून ह्यांनी गादीवाफे केले, शेणखत मिसळले, दीड-दीड फुटांवर रोपे लावली. १४ मेली. ८४ जगली.

ब्रोकोली म्हणजे काही परदेशी चमत्कार नव्हे. फुलकोबी, पत्ताकोबी, नवलकोल आणि ही, चौघी एकाच जातीच्या वनस्पतीच्या लेकी. माणसाने निवडून निवडून एकीचे पान वाढवले, एकीचा दांडा, एकीचे फूल. ब्रोकोलीचे माहेर इटली. आपल्याकडे कुलू खोऱ्यातल्या कटराईं येथील संशोधन केंद्राने 'पुसा ब्रोकोली केटीएस-१' ही जात तयार केली. आपण खातो तो गड्डा म्हणजे न उमललेल्या हजारो कळ्या. त्या मिटलेल्या असतात तोवर भाजी. दोन-चार दिवस उशीर झाला, ऊन चढले, की कळ्या फुटतात, पिवळी फुले येतात आणि भाजीचा बुके होतो. तिला थंडी हवी, आणि नागपूरची थंडी ही अशी लहरी. २०१८ च्या डिसेंबरअखेर इथे पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तरी आपल्याकडे दुपारचे ऊन जानेवारीतही अंगाला चटका देते. त्यामुळे गड्डे धरतात उत्तम, पण तयार होतात सगळे एकदम, आणि थांबत नाहीत.

आमचे थांबणे मात्र भलतीकडेच सुरू झाले. दिवाळीनंतर हे गच्चीवर चढताना दोनदा मध्येच बसले. "वय झालं" म्हणाले. मग एकदा वाफ्यातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. तपासण्या झाल्या. हृदयातून मोठ्या धमनीकडे रक्त जाऊ देणारी झडप आकसली होती. ऑपरेशन करून बदलायला हवी. कृत्रिम झडपा दोन तऱ्हेच्या असतात. प्राण्यांच्या पेशीजालापासून केलेली झडप साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजते. धातू-कार्बनची यांत्रिक झडप झिजत नाही, पण तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. ह्यांचे वय साठीच्या आत, म्हणून डॉक्टरांशी बोलून दुसरी ठरली. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन झाले. त्या दिवसांबद्दल मी इथे फार लिहीत नाही. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर जे बसले असतील त्यांना सांगायची गरज नाही, आणि जे बसले नसतील त्यांच्यावर ती वेळ न येवो.

२४ डिसेंबरला आम्ही घरी आलो. समोरच्या घरचा मुलगा रोज सकाळी प्लॉटवर पाणी सोडत होता. फाटकातून आत येताना हे काठीवर थांबले आणि कुंपणाकडे पाहून लहान मुलासारखे हसले. ऐंशीच्या वर गड्डे. हिरवेगार, घट्ट, ओंजळीएवढे. पहिल्या दोन दिवसांत मी २७ कापले. प्रत्येक साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. मागे अजून सत्तावन्न उभे होते, म्हणजे एकूण तीस किलोंच्या घरात माल, आणि घरात खाणारी माणसे दोन. त्यातला एक आजारी.

मग वाटप सुरू झाले. कोणाकडे पिशवी घेऊन गेले की आधी कौतुक, मग "हिचं करायचं काय असतं?" हा प्रश्न. घरकामाला येणाऱ्या ताईंनी पहिला गड्डा उलटासुलटा करून विचारले, "काकू, सडली का जी फुलकोबी?" चौथ्या घरी तर माझ्या हातातली पिशवी पाहून दार उघडायला जरा वेळच लागला. कोहळे, भोपळे, लिंबे यांचे असे वाटप आपण पिढ्यान्पिढ्या करत आलो. पण ते घेणाऱ्याला ठाऊक असते. अनोळखी भाजी फुकट देणे हे सोपे काम नाही. अमेरिकेत १९९० साली थोरल्या बुश साहेबांनी आपण आता अध्यक्ष आहोत, ब्रोकोली खाणार नाही, असे जाहीर केले, तेव्हा चिडलेल्या शेतकऱ्यांनी सुमारे १० टन ब्रोकोली राजधानीला पाठवून दिली होती. मला त्या शेतकऱ्यांची फार आठवण झाली.

उरलेली आम्ही खात होतो. हे उत्साहात होते. आपल्या हातची, आणि लेक म्हणाली तशी हृदयाला चांगली! सकाळी सूप, रात्री भाजी, मध्ये एकदा पराठा. सहा दिवस.

सातव्या दिवशी रक्ततपासणी होती. गोळीने रक्त कितपत पातळ झाले आहे हे 'आयएनआर' नावाच्या आकड्यावरून कळते. ह्यांच्यासाठी तो दोन ते तीनच्या मध्ये राहायला हवा. दवाखान्यातून निघताना २.४ होता. आता १.४ आला. डॉक्टरांनी चष्मा काढून विचारले, "गोळी चुकली का?" नाही. "मग खाण्यात काय बदल?"

मी ब्रोकोली म्हणाले आणि त्याच क्षणी मला फाईलमधला तो गुलाबी कागद आठवला. आहारतज्ज्ञ बाईंनी निघताना तो हातात दिला होता, समजावूनही सांगितले होते. मी "हो, हो" म्हणत घडी घालून फाईलमध्ये ठेवला होता. माझे लक्ष रिक्षाकडे होते. मी शाळेत पंचवीस वर्षे विज्ञान शिकवते. 'क' जीवनसत्त्व आणि 'के' जीवनसत्त्व यांत गोंधळ करू नका, हे दरवर्षी मुलांना सांगते. रक्त गोठायला 'के' लागते, आणि ते हिरव्या भाज्यांत भरपूर असते, हे माझ्या तोंडपाठ. आणि मी नव्या झडपेच्या माणसाला सहा दिवस वाटीवाटीने तेच भरवत होते. गोळी एकीकडून ओढत होती, मी दुसरीकडून.

पुढचे काही दिवस पोटावर इंजेक्शने घ्यावी लागली. ह्यांनी एका शब्दाने मला काही म्हटले नाही. ते म्हणाले असते तर बरे झाले असते.

या गोळीचा जन्म कसा झाला ते मी त्या रात्री, झोप येईना म्हणून, वाचत बसले. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत गुरे अचानक रक्तस्राव होऊन मरू लागली. शिंगे कापली तरी रक्त थांबेना. कारण निघाले चारा. गोड क्लोव्हर नावाचे द्विदल गवत नीट न वाळता दमट राहिले, त्याला बुरशी आली, की त्यात विष तयार व्हायचे. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताचा कॅन आणि तो चारा घेऊन विद्यापीठात पोचला. कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह पुढे त्या चाऱ्यातले द्रव्य वेगळे केले. त्याचेच एक भावंड 'वॉरफरिन'. आधी उंदीर मारायला बाजारात आले आणि १९५० च्या दशकात माणसांचे औषध झाले. हे 'के' जीवनसत्त्वाचे काम अडवते. तो शोध डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांचा. 'के' हे अक्षर गोठण्याच्या 'कोआग्युलेशन' या शब्दावरून आले. थोडक्यात, ह्यांच्या उशाशी असलेली गोळी म्हणजे एका शेतकऱ्याच्या नीट न वाळवलेल्या हिरव्या पाल्याची देणगी. आणि माझ्या ओट्यावर वीस किलो हिरवा पाला वाळवायचा की टाकायचा, या विचारात पडला होता.

टाकून द्यावा, असेच मी ठरवले होते. आहारतज्ज्ञ बाईंकडे पुन्हा गेले, या वेळी वही घेऊन. त्या म्हणाल्या, "बंद करू नका. बंद केलीत तर उलटं होईल." हे माझ्या डोक्यात आले नव्हते. गोळीचे प्रमाण माणसाच्या नेहमीच्या खाण्यावर बेतलेले असते. हिरवी भाजी एकदम वाढली तर रक्त घट्ट होते, गुठळीची भीती. एकदम बंद झाली तर जास्त पातळ होते, रक्तस्रावाची भीती. धोका भाजीचा नाही, चढउताराचा आहे. त्यांनी कागदावर लिहून दिले: ब्रोकोली ५० ग्रॅम, आठवड्यातून तीनदा, ठरलेल्या वारी; पालक, मेथी, सांबार यांचेही माप ठरलेले. शंभर ग्रॅम कच्च्या ब्रोकोलीत शंभरेक मायक्रोग्रॅम 'के' असते, पालकात त्याच्या चौपटीच्या पुढे. (हे ह्यांच्यापुरते माप आहे. ज्यांच्या घरी ही गोळी चालू असेल त्यांनी आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. रक्त पातळ करणारी काही नवी औषधे आहेत, त्यांना हे पथ्य नसते. पण यांत्रिक झडपेला ती चालत नाहीत.)

रिक्षात परत येताना मला पहिल्यांदा नीट कळले की आमच्या वाफ्याची चूक काय होती. निसर्ग बारा दिवसांत तीस किलो देतो आणि मग काहीच देत नाही. ह्यांच्या रक्ताला हवे होते वर्षभर, तीन वारी, मूठमूठ. बाजारातून आणता आली असती म्हणाल. पण आमच्या भागात ती हिवाळ्यात मिळते, उन्हाळ्यात सीताबर्डीला जावे तेव्हा दिसते, आणि भाव ऐकून परत फिरावे लागते. शिवाय ह्यांच्या हातची घरात उभी असताना विकत कशाला? मी बोटांवर मोजले. जानेवारीच्या मध्यापासून ४६ आठवडे, त्रिक १३८. म्हणजे १३८ पुड्या, सात किलोंना जरा कमी.

आता कृती सांगते, कारण यात माझ्या दोन खेपा वाया गेल्या आहेत, तुमच्या जाऊ नयेत. गड्डा सकाळी लवकर कापायचा. ब्रोकोली कापल्यावरही जोरात श्वास घेत राहते, त्यात तिचा जीव जातो. बाहेर ठेवली तर दोन दिवसांत पिवळी पडू लागते. तुरे सुटे करून अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवायचे, म्हणजे लपलेल्या हिरव्या अळ्या वर येतात. येतातच, औषध न फवारलेल्या बागेत अळी नसेल तर मला शंका येते. मग मोठ्या गंजात पाणी खळखळ उकळून, पाव किलोला दोन लिटर या मापाने, तुरे सोडायचे. पुन्हा उकळी फुटल्यापासून तीन मिनिटे, घड्याळ लावून. लगेच बर्फाच्या पाण्यात तितकाच वेळ. हा खटाटोप कशासाठी? भाजी थंडीत गोठते तरी तिच्यातली विकरे हळूहळू काम करतच राहतात. रंग, चव, वास सगळे पोखरतात. तीन मिनिटांच्या उकळीने ती निकामी होतात. पहिल्या खेपेला मी नुसतीच धुऊन कोंबली होती. पंधरा दिवसांनी पिशवी उघडली तर ओल्या गवताचा वास. गार झालेले तुरे निथळून, फडक्यावर टिपून, ताटात सुटे पसरून आधी गोठवायचे आणि मग पुडीत भरायचे, म्हणजे त्यांचा दगड होत नाही. मी प्रत्येक पुडी वजनाच्या छोट्या काट्यावर ५० ग्रॅम मोजून बांधली. शेवटच्या दोन ग्रॅमसाठी एक तुरा चिरताना हे म्हणाले, "सोनाराकडे बसलीस का?"

दुसरी अडचण फ्रिजची. एकदारी फ्रिजमधला बर्फाचा कप्पा पुरेसा गार नसतो. वर्षभर टिकवायला उणे १८ अंश लागतात, ते दोनदारी फ्रिजच्या वेगळ्या फ्रीजरमध्येच. आमचा एकदारी. शेवटी पुड्या तीन घरांत वाटून ठेवल्या: समोर, डावीकडच्या गल्लीत आणि त्रिमूर्ती नगरात बहिणीकडे. ज्या दारांनी जानेवारीत माझी पिशवी पाहून उघडायला वेळ लावला, त्यांतलेच एक दार होते; पण "दादांच्या औषधाची आहे" म्हटल्यावर त्यांनी आईस्क्रीमचा डबा काढून जागा करून दिली.

तरी दहा-बारा किलो उरलेच. तेव्हा शेजारच्या आजी आल्या. मूळच्या हुडकेश्वरच्या, ज्यांच्या वावरांवर आमचे ले-आऊट बसले त्या घरांपैकी एकातल्या. ओट्यावरचा ढीग पाहून म्हणाल्या, "खुला कर नं वं माय. वांग्याच्या नाही करत का आपण?" विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: हिवाळ्यात वांगी उतू जातात तेव्हा ती चिरून वाळवतात, त्या खुला. उन्हाळ्यात भाजी मिळत नाही तेव्हा त्या भिजवून वालाच्या दाण्यांबरोबर रस्सा करायचा. आजींच्या तरुणपणी मे महिन्यात इथे ताजी भाजी कुठून येणार? वाळवण हा शौक नव्हता, एप्रिल ते जूनचे जेवण होते.

पहिली खेप मी कच्चीच उन्हात घातली, आणि ती तपकिरी, कडू झाली. दीड किलो गेले. (म्हशीने खाल्ले, तिची तक्रार नव्हती.) मग तीच उकळीची युक्ती केली, दोन मिनिटे, आणि तुरे बारीक करून जुन्या सुती लुगड्यावर गच्चीत घातले. वरून पातळ फडके, रात्री आत. नागपूरच्या जानेवारीचे कोरडे ऊन वाळवणाला देवाने नेमून दिल्यासारखे. तीन दिवसांत कडकडीत झाले. शंभरात नव्वद भाग पाणीच, त्यामुळे साडेचार किलोंचे अर्धा किलो झाले असेल. खरे सांगते, तुऱ्यांच्या खुला वांग्यांची सर गाठत नाहीत, भिजल्यावर जरा रबरी लागतात. पण दांड्यांच्या चकत्या फार सुरेख होतात. दांडे टाकू नका. वरचे साल सोलले की आत नवलकोलासारखा गोड गाभा असतो.

लेकीने एक इटालियन कृतीही पाठवली: तुरे उकडून लसणाबरोबर तेलात बुडवायचे, बरणी कपाटात ठेवायची. ती मी केली नाही. आपल्या लोणच्यात मीठ आणि आंबटपणा असतो, तो जंतूंना रोखतो. नुसत्या तेलाखाली, हवा नसलेल्या जागी, आंबट नसलेल्या भाजीत बोट्युलिझमचे विष तयार होऊ शकते, आणि त्याला वास नसतो, चव नसते. तेल म्हणजे टिकते, ही आपली समजूत तिथे जीव घेऊ शकते. मी त्याऐवजी फेसलेली मोहरी, मीठ, भरपूर लिंबू घालून ताजे लोणचे केले. तेही फ्रिजमध्ये, दोन-तीन आठवड्यांत संपवायचे. यात एक योगायोग आहे. ब्रोकोलीतल्या ज्या सल्फोराफेनचा १९९२ पासून बोलबाला आहे ते तयार व्हायला एक विकर लागते, ते शिजवल्यावर मरते. मोहरीत त्याच जातीचे विकर असते, म्हणून शिजलेल्या ब्रोकोलीवर मोहरीची पूड घालावी, असे इंग्लंडमधल्या संशोधकांनी दाखवले आहे. आपल्या आज्यांनी मोहरी फेसली ती नाकात झिणझिण्या याव्यात म्हणून. पण चुकले कोणाचेच नाही.

खायच्या तऱ्हा विचाराल तर सूप वगैरे सोडा. तुरे हाताने कुस्करून, लसूण-जिऱ्याची फोडणी देऊन, वरून बेसन भुरभुरून झुणका करा. भाकरीबरोबर तो असा लागतो की ब्रोकोली हे नाव कोणी विचारत नाही. सांबारवडीच्या सारणात निम्मा सांबार, निम्मे हे तुरे, खसखस-खोबरे नेहमीचे. घरकामाच्या ताईंनी ती वडी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी दोन गड्डे स्वतःहून मागून नेले. एकच पाळा, पाच मिनिटांच्या पुढे शिजवू नका. नाहीतर गंधकाचा असा वास सुटतो की शेजारी गॅस तपासायला येतात, आणि रंगही शेवाळी होतो. लिंबू पिळायचे ते शेवटी.

फेब्रुवारीत कापलेल्या बुंध्यांना बगलेतून छोटे तुरे फुटले. तोवर हे काठी सोडून चालू लागले होते. तोडायला स्वतः गेले, मोजून ५० ग्रॅम आणायचे, त्या दिवशीची पुडी वाचायची. मार्चच्या उन्हाने मावा पडला आणि वाफे संपले. १.४ नंतर १.९, मग २.३, आणि पुढे बहुतेक वेळा आकडा पट्टीतच राहिला. मे महिन्यात वादळाने डाव्या गल्लीतले ट्रान्सफॉर्मर गेले, वीज दीड दिवस नव्हती, तिकडच्या नऊ पुड्या वितळल्या. शेजारीण रडवेली होऊन सांगायला आली. बाईंना फोन केला. त्यांनी त्या नऊ वारांपुरते पत्ताकोबीचे माप लिहून दिले. भर उन्हाळ्यात, बाहेर ४५ अंश असताना, ताटात कोपऱ्यात हिरवे तीन-चार तुरे घेऊन बसलेला माणूस पाहणे ही मोठी गंमत असते. हे ते सगळ्यांत आधी संपवत. मूळची त्यांना ब्रोकोली फारशी आवडत नाही, हे मला जुलैमध्ये कळले.

शेजारच्या प्लॉटवर आता पायाचे खड्डे पडले आहेत. मालकांच्या मुलाला नागपूरलाच घर बांधायचे आहे. त्यांचाच प्लॉट, आपण काय म्हणणार. या वर्षीची ब्रोकोली गच्चीवर, कुंड्यांत. ट्रे आणायचा नाही असे ठरले आहे. सप्टेंबरअखेर दहा रोपे, पंधरा दिवसांनी दहा, मग आणखी दहा; म्हणजे गड्डे एकामागून एक येतील. फार उशिरा लावलेली मात्र उन्हाने बटणाएवढीच राहतात, म्हणून शेवटची खेप नोव्हेंबरच्या आत. समोरच्यांच्या फ्रीजरमध्ये जुन्या अकरा पुड्या शिल्लक आहेत.

काल संध्याकाळी हे तिसरी खेप आणायला पायी नर्सरीत गेले आणि पायीच आले. पिशवीतून रोपे काढून मी मोजली, तर चौदा.

"दहा ठरली होती."

"चार त्यानं तशीच दिली. आणि अगं, काही मरतीलच की."

कुंड्या दहाच आहेत. उरलेली चार सध्या न्हाणीघरातल्या बादलीत आहेत.